स्टेकची रसिकता आणि रायगडचा किनारा : एका गैरसमजाचा समाचार

१/ खाद्येतिहासाच्या चर्चांत एक विधान वारंवार भेटते : जनावराच्या कोणत्या भागाचा तुकडा घ्यावा आणि तो किती भाजावा, ही पारख युरोपाची, कोकणात मात्र जे हाती आले ते एकाच रश्शात शिजले. स्टेकचा विषय निघाला की हे विधान सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते. रायगडच्या किनाऱ्याचा इतिहास ते टिकू देत नाही. पुरावे क्रमाने.

२/ आधी शब्द. ‘स्टेक’ हा जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला शब्द. त्याच्या मुळाशी अर्थ आहे तो सळईवर भाजण्याचा. सळई आणि निखारा ही कोणत्याही एका खंडाची मिरास नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सुमारे ११३० सालचा. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात सळईवर ओवून निखाऱ्यावर भाजलेले मांस आहे, सुपारीएवढे तुकडे करून भाजलेले काळीज आहे, आणि चिंचेच्या आंबटात मुरवून, पीठ लावून तळलेले मासेही आहेत.

३/ यावर आक्षेप येईल : राजाचे ताट म्हणजे प्रजेचे ताट नव्हे. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच पुढचा पुरावा राजवाड्यातला नाही. तो कोळीवाड्यातला, खाटकाच्या ठोकळ्यावरचा आणि शेताच्या बांधावरचा आहे. मात्र त्याआधी एक साधा प्रश्न सोडवायला हवा. अर्धकच्च्या भाजणीचा तुकडा या किनाऱ्यावर का रुजला नाही?

४/ उत्तर अभिरुचीत नाही, स्नायूत आणि हवेत आहे. पाठीच्या कण्यालगतचा स्नायू कमी राबतो, म्हणून मऊ राहतो आणि झटपट भाजता येतो. मान व पाय सतत राबतात. त्यांतील चिवट कोलॅजन मंद आचेवर बराच वेळ शिजल्यावरच विरघळते. शिवाय उत्तम स्टेकसाठी गोमांस थंडीत दिवसच्या दिवस, कधी आठवडेच्या आठवडे टांगून मुरवतात. अलिबागच्या दमट उकाड्यात बर्फाची सोय नसताना हा प्रयोग करणे म्हणजे मांस नासवणे. येथे सकाळी कापलेले बोकड दुपारी चुलीवर चढले, ते अडाणीपणामुळे नव्हे, शहाणपणामुळे.

५/ अर्धकच्च्या स्टेकचा गाभा साधारण ५२ अंश सेल्सियसपर्यंत तापतो. पूर्ण भाजलेल्याचा ७० अंशांच्या पुढे जातो. कापल्यावर ओघळणारा लाल रस हे रक्त नव्हे. तो मायोग्लोबिन या प्रथिनाने रंगलेला द्रव होय. हे गणित गायी-बैलांच्या थोराड, मुरवलेल्या मांसासाठी जुळवलेले आहे. तेच माप ताज्या बोकडाच्या नळीला लावून “इथे पारखच नव्हती” असा निष्कर्ष काढणे म्हणजे तराजूने कापड मोजणे.

६/ पारख पाहायची तर मटणाच्या दुकानापुढची रांग ऐकावी. मांडी, सीना, चाप, नळी, गर्दन, कलेजी, गुर्दा, वजडी, पाया, मुंडी : गिऱ्हाईक नाव घेऊन तुकडा मागते. कलेजी तव्यावर पटकन परतायची, जास्त शिजली की ती रबरासारखी होते. पाया मात्र तासन्‌तास उकळायचा. वजडी आधी नीट धुऊन मगच चुलीवर. ज्या भाषेत एका बोकडाच्या भागांना इतकी वेगळी नावे आणि नावागणिक वेगळी आच आहे, त्या भाषेला तुकड्यांची ओळख नव्हती असे म्हणणे हास्यास्पद आहे.

७/ मासळीत तर ही विद्या आणखी बारीक होते. सुरमईचे आडवे काप तळणीला, डोके आणि शेपटी कालवणाला. पापलेटाला तिरप्या चिरा देऊन ते अख्खे ठेवायचे. बोंबील पाण्याने भरलेला. तो उभा चिरून वजनाखाली दाबल्याशिवाय कुरकुरीत होत नाही. गाबोळीचा मान निराळा. या सगळ्या निर्णयांची स्वामिनी कोळीण. तिने ग्रंथ लिहिला नाही म्हणून तिची विद्या इतिहासाबाहेर गेली, एवढेच.

८/ “पण कोरडे भाजणे?” तेही आहे. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की अलिबाग-पेणच्या पट्ट्यात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी. पाण्याचा थेंब नाही. मडके उपडे ठेवून भोवती जाळ. झाकलेले मांस दिसत नाही, म्हणून जाणकार मडक्यावर पाणी शिंपडतो. ते चर्रकन उडाले की पोपटी झाली. तापमापक नसताना आच ओळखण्याची ही रीत. तिला रसिकता म्हणायचे नसेल, तर त्या शब्दाचा अर्थ तरी काय उरतो?

९/ याच किनाऱ्यावर तुकडा आणि शिजवण या दोहोंचे काटेकोर शास्त्र पाळणारा एक समाज राहिला : बेने इस्राएल. परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून ते ‘शनिवार तेली’. डेव्हिड रहाबी नावाच्या पाहुण्याने या लोकांची ओळख कशी पटवली, याचीही कथा आहे : त्याने स्त्रियांपुढे मासळी ठेवली, आणि पर व खवले नसलेले मासे त्यांनी बाजूला काढले. आख्यायिकेचा ऐतिहासिक काळ वादग्रस्त आहे. पण एका समाजाने आपली ओळख मासळीच्या निवडीत पाहिली, हे त्या कथेतून निर्विवाद कळते.

१०/ यहुदी धर्मशास्त्रानुसार जनावराच्या मांडीतील मोठी शीर वर्ज्य. रक्त वर्ज्य, म्हणून मांस पाण्यात भिजवून, तासभर मिठात ठेवून, धुऊन मगच शिजवायचे. काळजात रक्त फार, म्हणून त्याला मीठ पुरत नाही. ते उघड्या जाळावरच भाजायचे. मांसाबरोबर दूध चालत नाही. तेथे कोकणचा नारळ मदतीला आला. गोमांस मात्र शास्त्राने चालत असूनही हिंदू शेजाराच्या सहवासात बहुतेकांनी टाळले. लंडनच्या क्लबात स्टेकवर गप्पा रंगण्याची वाट हे नियम पाहत नव्हते.

११/ आता दुसऱ्या गटाचा समाचार. हा गट म्हणतो की किनारा मुळात एकाच सात्त्विक आहाराचा होता आणि बाकी सारे परक्यांनी आणले. १५ व्या शतकात चौलला उतरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन वेगळेच सांगतो : या देशात अनेक पंथ आहेत आणि ते एकमेकांबरोबर जेवत नाहीत. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ, १७४० पर्यंत, चौलला पोर्तुगीज होते. त्यांच्या भाषेचा वंश कोर्लईत आजही बोलला जातो. “मूळचे एकच ताट” या किनाऱ्याने कधी पाहिलेच नाही.

१२/ आणि येथेच दोन्ही गटांना अडचणीचा ठरणारा प्रश्न उभा राहतो : तुकडा निवडायचा अधिकार कोणाला होता? याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, मार्च १९२७ मध्ये महाडची परिषद झाली. ती चवदार तळ्यासाठी स्मरणात आहे. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे मृत जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडण्याचेही आवाहन केले. गावाने ‘हक्क’ म्हणून दिलेले मढे नाकारणे, हा आवडीनिवडीचा इतिहासातील सर्वांत मोठा निर्णय होता.

१३/ म्हणून ‘आवडता तुकडा’ हा शब्दप्रयोग निरागस नाही. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आले आणि मराठवाड्यातील दलित स्वयंपाकातील मांसाचे भाग व वाळवलेल्या चान्या छापील मराठीत ठसठशीतपणे अवतरल्या. त्याच वर्षी राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. आज महाराष्ट्रात कायदेशीर कत्तलीतून येणारा स्टेक म्हशी-रेड्याचा असतो. तुकडा कोणता, हे केवळ जीभ ठरवत नाही. हवा, धर्म, जात आणि कायदाही ठरवतात.

१४/ निष्कर्ष. पाककृतीची पोथी सापडली नाही म्हणजे पारख नव्हती, हा तर्क आळशी आहे. लिहिणाऱ्यांच्या हाती कोयता नव्हता आणि कोयतेवाल्यांच्या हाती लेखणी नव्हती, इतकाच त्याचा अर्थ. खाद्येतिहासावर यापुढे कोणी ठाम विधान केले, तर इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत : मांस कोणी कापले? तुकडा कोणी निवडला? आणि उरलेले कोणाच्या ताटात पडले?