पदक परत घेता येते, हुकलेली संधी नाही

अहिल्यानगर जिल्ह्यात यात्रा-जत्रांचे दिवस आले की गावोगावी कुस्त्यांचे हगामे भरतात. राळेगणसिद्धी ज्या पारनेर तालुक्यात आहे, तिथेही हेच चित्र दिसते. आखाड्याच्या कडेला बसलेल्या जुन्या शौकिनांच्या गप्पांत जिंकलेल्या पैलवानांइतकीच गमावलेल्यांचीही चर्चा होते. नरसिंग यादव यांचे नाव निघाले की आजही दोन तट पडतात. एक गट म्हणतो, पोराचा घात झाला. दुसरा म्हणतो, चाचणीत सापडला म्हणजे विषय संपला.

मुंबईत वाढलेल्या नरसिंग यांनी २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे 'महाराष्ट्र केसरी'ची गदा पटकावली. २०१५ च्या लास वेगासमधील जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवून त्यांनी भारताला रिओ ऑलिंपिकचे तिकीट मिळवून दिले. पण जून २०१६ मध्ये घेतलेल्या नमुन्यात मेथॅन्डायनोन हे बंदी असलेले स्टेरॉइड आढळले. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळले, असे नरसिंग यांचे म्हणणे होते. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे 'नाडा'च्या समितीने १ ऑगस्टला ते मान्य केले. मात्र जागतिक संस्था 'वाडा' आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली. लढतीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, लवादाने चार वर्षांची बंदी घातली. पेयात भुकटी मिसळल्याने नमुन्यात एवढे प्रमाण येणार नाही, ते गोळी घेतल्याशी जुळते, असे मत तज्ज्ञाने लवादासमोर मांडले होते. नरसिंग यांनी आपण निर्दोष असल्याचे कायम सांगितले आहे.

डोपिंगच्या नियमांचा पाया इथे समजून घ्यायला हवा. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल, त्याची जबाबदारी त्याचीच, असा हा नियम आहे. ते शरीरात कसे गेले हे सिद्ध करण्याचे ओझेही त्याच्यावरच. हे कठोर आहे, पण त्याशिवाय 'कुणीतरी मिसळले' या एका वाक्यावर प्रत्येक जण सुटला असता. तरीही चाहत्यांच्या मनातला प्रश्न निकालाने मिटत नाही. ज्याच्यासाठी आपण शिट्ट्या मारल्या, त्याचे आता काय करायचे?

हा प्रश्न जगात सर्वांत जास्त छळला तो सायकल शर्यतींच्या चाहत्यांना. जानेवारी २०२६ मध्ये 'पुणे ग्रँड टूर'च्या निमित्ताने शेजारच्या पुणे जिल्ह्यातील घाटरस्त्यांवर परदेशी सायकलपटू धावले आणि हा खेळ मराठी प्रेक्षकाने जवळून पाहिला. त्याच्या इतिहासातले १९९० चे दशक आणि त्यानंतरची काही वर्षे डोपिंगचा काळ म्हणूनच ओळखली जातात.

त्या काळाचे मुख्य औषध होते 'ईपीओ'. एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक आपल्या मूत्रपिंडात तयार होते आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवण्याचा निरोप देते. मूत्रपिंडाच्या रुग्णांचा रक्तक्षय कमी व्हावा म्हणून १९८० च्या दशकाअखेर ते औषध म्हणून आले. निरोगी सायकलपटूने ते घेतले, तर तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो आणि डोंगरचढणीवर दम टिकतो. पण रक्त घट्ट होते. त्यात शर्यतीत घामावाटे पाणी गेले की ते आणखी घट्ट होऊन गुठळी होण्याचा, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

ईपीओ ओळखणारी चाचणी तेव्हा नव्हती. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९९७ मध्ये पुरुषांसाठी रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणावर ५० टक्क्यांची मर्यादा घातली. परिणाम उलटाच झाला. ही मर्यादा अनेकांनी लक्ष्य मानली आणि प्रमाण ५० च्या किंचित खाली ठेवून औषध घेणे सुरू राहिले. १९९८ मध्ये 'टूर द फ्रान्स'च्या तोंडावर फेस्टिना संघाच्या गाडीत औषधांचा साठा सापडला. १९९९ मध्ये इटलीचा लाडका मार्को पान्तानी 'जिरो' शर्यतीत आघाडीवर असताना रक्तातील पेशींचे प्रमाण जास्त आढळल्याने बाहेर काढला गेला. २००४ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, तो एका हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. मृत्यूचे कारण कोकेन होते.

मग लान्स आर्मस्ट्राँग. कर्करोगावर मात करून त्याने १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे 'टूर' जिंकली. आपण शेकडो चाचण्या दिल्या, असे तो अभिमानाने सांगे. २०१२ मध्ये त्याची सातही विजेतेपदे काढून घेतली गेली, ती मुख्यतः माणसांच्या साक्षींमुळे. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेपुढे २६ जणांनी साक्ष दिली. त्यांत ११ जण त्याचे जुने संघसहकारी होते. जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिली. विशेष म्हणजे ती विजेतेपदे दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंना दिली गेली नाहीत. त्या वर्षांच्या विजेत्यांच्या यादीत जागा रिकामीच आहे, कारण मागच्या अनेकांवरही तोच डाग होता.

'सगळेच घेत होते, मग जिंकला तो श्रेष्ठच' असा युक्तिवाद चाहते तेव्हापासून करत आले आहेत. शास्त्रीयदृष्ट्या तो टिकत नाही. ज्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण मुळात ४० टक्के आहे, त्याला ५० पर्यंत जायला भरपूर वाव मिळतो. ज्याचे निसर्गतःच ४८ आहे, त्याला जवळपास काहीच नाही. औषधाला प्रतिसाद प्रत्येकाचा वेगळा, आणि डॉक्टर व पैसा कुणाकडे किती, हेही वेगळे. म्हणजे शर्यत सारख्यांमध्ये उरतच नाही.

शिवाय सगळेच घेत नव्हते. फेस्टिना संघातला क्रिस्तोफ बासाँ औषध घेत नाही, हे त्याच्या सहकाऱ्यांनीच चौकशीत सांगितले होते. १९९९ च्या 'टूर'मध्ये त्याने वर्तमानपत्रातून डोपिंगबद्दल लिहिले, तेव्हा इतर सायकलपटूंनी त्याला वाळीत टाकले आणि आर्मस्ट्राँगने भर शर्यतीत त्याला सुनावले. बासाँ शर्यत सोडून गेला. पदक काढून घेता येते. पण बासाँसारख्यांची गेलेली उमेदीची वर्षे कोणताही लवाद परत देऊ शकत नाही. पडलेल्या विजेत्याबद्दल हळहळताना चाहत्यांनी हा हिशेबही मांडायला हवा.

ही गोष्ट परदेशापुरती नाही. 'वाडा'च्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये भारतातील ७,११३ नमुन्यांपैकी २६० सदोष आढळले, म्हणजे सुमारे ३.६ टक्के. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सलग तिसऱ्या वर्षी सर्वाधिक होते. अॅथलेटिक्स, वेटलिफ्टिंग आणि कुस्ती हे खेळ त्यात पुढे होते. आणि चाचणी फक्त नोंदणीकृत खेळाडूंची होते. व्यायामशाळेत जाणारा किंवा भरतीची तयारी करणारा तरुण या आकड्यांत कुठेच नसतो.

मेथॅन्डायनोनसारख्या गोळ्यांनी स्नायू फुगतात, पण यकृताला इजा होते, चांगले कोलेस्टेरॉल घटते आणि हृदयाची भिंत जाड होऊ शकते. बाहेरून संप्रेरक मिळाले की शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे कमी करते. त्यातून वंध्यत्व आणि नैराश्यही येऊ शकते. मेफेन्टरमाइन हे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब सावरण्यासाठी असते. व्यायामशाळांमध्ये ते 'ताकदीसाठी' चोरून विकले जाते, आणि पोलिसांनी राज्यात असे साठे अनेकदा पकडले आहेत. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात, व्यसन लागते, भ्रमही होऊ शकतात. पूरक आहाराच्या डब्यावर लिहिलेले आणि आत असलेले एकच असेल, याचीही खात्री नसते.

यावर फक्त प्रयोगशाळा पुरेशी नाही, हे सायकलिंगने दाखवले. २००८ पासून खेळाडूच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवणारा 'जैविक पासपोर्ट' आला आणि चोरी अवघड झाली. पण मोठा गुन्हा उघड झाला तो सोबतची माणसे बोलली तेव्हाच.

या बाबतीत राळेगणसिद्धीचा अनुभव आठवण्याजोगा आहे. अण्णा हजारे १९७५ मध्ये सैन्यातून गावी परतले, तेव्हा तिथे गावठी दारूच्या तीसहून अधिक भट्ट्या होत्या. दारूबंदीचा कायदा तेव्हाही कागदावर होताच. भट्ट्या विझल्या त्या यादवबाबांच्या मंदिरात गाव एकत्र बसले आणि भट्टीवाल्यांनीच त्या बंद केल्या तेव्हा. पुढे होळीत विड्या, सिगारेटी, तंबाखू जाळली गेली आणि दुकानांतून त्यांची विक्री थांबली. पिणाऱ्याला खांबाला बांधून मारण्याचा जो मार्ग तिथे वापरला गेला, तो आरोग्यशास्त्राला मान्य होण्यासारखा नाही. व्यसन मारून सुटत नाही. घेण्याजोगा धडा वेगळा आहे. माल कुठून येतो हे गावाला माहीत असते, आणि गावाने डोळेझाक थांबवली की पुरवठा आटतो.

तालमीच्या बाबतीतही तेच. सहा महिन्यांत दंड कसे भरले, हे वस्तादांना, घरच्यांना आणि सोबत्यांना कळत असते. हगाम्यात इनाम लावणाऱ्यांनी आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनीही ते विचारायला हवे. नरसिंग यांच्याबाबतचे दोन तट कदाचित कायम राहतील. पण त्याच आखाड्यात एखादा पोरगा दूध, बदाम आणि जोर-बैठकांवर उभा असतो, आणि गोळ्या घेतलेल्याकडून हरून घरी जातो. त्याचे नाव कुणी विचारत नाही. पुढच्या हगाम्यात ते विचारले गेले, तरी बरेच काही बदलेल.