खाड्याचा हिशेब

दिवाळी सरली की आमच्या गावात म्हातारी माणसे, कुलपे आणि शिकणारी पोरे एवढेच मागे उरते. बाकीचा गाव कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातो. माझे आई-वडीलही जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ अशी मुकादमाची मोजणी असते. म्हणजे माझी आई अर्धा कोयता!

मागच्या हंगामात वडील तापाने चार दिवस खोपीत पडून होते. हंगाम संपल्यावर हिशेब झाला, तेव्हा उचलीच्या बाकीत दोन हजारांची भर पडलेली. चार खाडे, प्रत्येकी पाचशे. वडिलांनी वाद घातला नाही. “रीतच हाय ती,” एवढेच म्हणाले.

ही रीत नव्हे, बेकायदा कपात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऊसतोडीची मजुरी टनावर ठरते. ज्या दिवशी कोयता चालत नाही, त्या दिवशी टन भरत नाही आणि मजुरीही मिळत नाही. गैरहजेरीची शिक्षा त्याच दिवशी भोगून झालेली असते. मग वरचे पाचशे कशाचे? हाच खाडा चुकावा म्हणून आपल्या जिल्ह्यातील बायका गर्भाशय काढून टाकतात, ही गोष्ट २०१९ साली राज्यभर गाजली. शासनाने समितीही नेमली. खाडा मात्र चालूच आहे.

१९३६ चा वेतन प्रदान अधिनियम कारखाने, रेल्वे अशा ठरावीक आस्थापनांपुरता होता. त्याच्या जागी आलेली २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने ही मर्यादा ठेवलेली नाही. उचल वसूल करू नये, असे ती म्हणत नाही. तसे मीही म्हणत नाही. पण गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच हवी, आणि दंड त्या मुदतीच्या वेतनाच्या शेकडा तीनच्या वर जाता कामा नये, तोही मजुराचे म्हणणे ऐकल्यावाचून नाही, असे तिच्यात आहे. मजुरी थकली किंवा बेकायदा कापली गेली, तर तीन वर्षांच्या आत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दावा करता येतो. अनेक मजुरांचा मिळून एकच अर्ज चालतो. नोंदणीकृत संघटनाही आपल्या सभासदासाठी तो करू शकते. मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. पण मला सर्वांत मोलाचे वाटले ते निराळेच. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. आजवर वही मुकादमाची, पेन मुकादमाचे आणि शब्दही त्याचाच होता.

यावर एक प्रश्न हमखास येतो : मालक कोण? कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार मुकादमाकडे. संहितेने मालकाच्या व्याख्येत कंत्राटदारही धरला आहे, तेव्हा मुकादमाला सहजासहजी हात झटकता येणार नाहीत. खरी अडचण वेगळीच आहे. ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा, त्याच्याकडूनच पुढच्या दसऱ्याला उचल घ्यायची असते. बहिणीचे लग्न त्याच पैशावर होते. माझी कॉलेजची फीसुद्धा त्याच उचलीतून भरली गेली, हे लपवण्यात काय अर्थ? म्हणून एकट्या मजुराला अर्ज करायला सांगणे मला धाडसाचे वाटत नाही, निर्दयपणाचे वाटते. अख्ख्या टोळीचा मिळून अर्ज गेला, तर मुकादम कोणाकोणाची उचल अडवणार? उद्या त्यालाही कोयते लागणारच आहेत.

पण अर्जाला तारखा लागतात. आपल्या कॉलेजात अशा घरांतली मुले थोडीथोडकी नाहीत. आम्हांला निदान लिहिता तरी येते. मी शंभर पानी वही घेतली आहे. रात्री फडावरून वडिलांचा फोन आला, की प्रकृतीच्या आधी मी खेपा विचारते. किती टन भरला, काटा कोणत्या तारखेचा, खर्चीला किती पैसे मिळाले, कोयता कधी आणि का थांबला, सगळे तारीखवार उतरवून घेते. आधी वडील चिडायचे. परवा मात्र त्यांनीच शेजारच्या खोपीतल्या काकांना फोन दिला आणि म्हणाले, “यांचंबी लिही.”