भोपाळ किती दूर?

नकाशाला विचारले तर उत्तर सोपे आहे. मोपाहून भोपाळचा राजा भोज विमानतळ सरळ रेषेने सुमारे ९१५ किलोमीटर, दाबोळीहून सुमारे ९५०. ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या जेट विमानाला एवढे आकाश कापावयास सव्वा तास पुरे. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, चढणे, उतरणे हे सारे धरले तरी पावणेदोन तासांत काम व्हावे.

परंतु माणूस विमानतळावर राहत नाही. १९५६ साली भोपाळात अवजड विद्युत यंत्रांचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि त्याच्या आसऱ्याने देशभरातील कुटुंबे तेथे वसली. सोनागिरी ही त्या परिसरातीलच एक वसाहत. ती शहराच्या पूर्वेस, तर विमानतळ वायव्येस गांधीनगरकडे. समजा, तेथे स्थायिक झालेल्या पैंगीणच्या एखाद्या गृहस्थास रात्री निरोप आला, की आई अत्यवस्थ आहे. त्या दिवशी थेट विमान नसेल तर मुंबईमार्गे यावे. त्यात अंतर फारसे वाढत नाही, वाढते ती तिष्ठत बसण्याची वेळ. दिल्लीमार्गेच तिकीट मिळाले तर मात्र दक्षिणेस यावयाचे म्हणून आधी सहाशे किलोमीटर उत्तरेस जायचे आणि एकूण एकवीसशे किलोमीटरांचा फेरा घालायचा! एवढे करून मोपास उतरावे, तो पैंगीण अद्याप शंभरावर किलोमीटर दूर. हेच विमान दाबोळीस उतरते तर हे शेवटचे अंतर बरेच कमी होते.

रेल्वेने यावे तर गोवा एक्सप्रेस भोपाळहून पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा करीत कोठेही न बदलता मडगावास आणून सोडते. पण दीड हजार किलोमीटरांना तीसएक तास लागतात. पेडण्यातील केरीचे जिवबादादा बक्षी महादजी शिंद्यांच्या पदरी सेनापती झाले, तेव्हा उत्तरेची वाट महिन्यांनी मोजली जाई. त्या मानाने तीस तास काहीच नव्हेत, हे खरे. पण अत्यवस्थ आईच्या मुलाला हा इतिहास सांगून काय उपयोग?

११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले. तेव्हापासून मोपा की दाबोळी हा वाद आपण बहुधा हॉटेलांच्या भाषेत घालतो. विमान कंपन्याही मार्ग ठरविताना पर्यटकांचा हंगाम पाहतात. ऑक्टोबरअखेरीस आणि मार्चअखेरीस वेळापत्रक बदलते, त्यात थेट उड्डाण राहील की जाईल, याची शाश्वती कोणी द्यावी? कंपन्यांनी नफा पाहू नये, असे आम्ही म्हणत नाही. परंतु २०१७ साली 'उडान' योजनेची विमाने उडू लागली ती सर्वसामान्याला विमानप्रवास परवडावा म्हणून. सरकार जोडलेल्या मार्गांची संख्या सांगते. घरून घरी पोहोचण्यास लागलेले तास कोणी मोजीत नाही.

म्हणून दाबोळीचा नागरी वापर टिकविण्याचा प्रश्न आम्हांस केवळ सासष्टी-मुरगावच्या अभिमानाचा वाटत नाही. सांगे, केपे, काणकोणच्या माणसाच्या रात्रीचा तो प्रश्न आहे. दरम्यान, मोपावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या बसगाड्यांच्या वेळा कदंब महामंडळाने शेवटच्या विमानाशी जुळवाव्यात, आणि ते विमान उशिरा आले तर काणकोणच्या प्रवाशांसाठी गाडी थांबवून ठेवावी.