वसंतात सह्याद्री पाहावा

मराठी मध्यमवर्गाला डोंगर आठवतो तो आषाढ-श्रावणात. पहिला पाऊस पडला की घाटरस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात, धबधब्यांखाली झुंबड उडते आणि शेवाळलेल्या कातळावरून पाय घसरून दरवर्षी काही घरांवर आकाश कोसळते. पुढे परीक्षा संपल्या की तीच कुटुंबे थंड हवेच्या शोधात हिमालयाचा रस्ता धरतात. मधले फाल्गुन आणि चैत्र कोणाच्याच खिजगणतीत नसतात. वस्तुतः मुले आणि वडीलधारी मंडळी यांना बरोबर घेऊन सह्याद्रीत पायी हिंडण्यास याच दिवसांसारखा दुसरा काळ नाही.

‘उन्हाळ्यात डोंगरात पाहायचे काय?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. गवत वाळलेले असते, ओढे आटलेले असतात, हे खरे. पण झाडे याच काळात फुलतात. माघातच निष्पर्ण काटेसावर गुलाबी-लाल फुलांनी भरून जाते. मागोमाग पळस आणि पांगारा पेटतात. पांगाऱ्याच्या एका झाडाखाली अर्धा तास शांत बसावे. मैना, कोतवाल, शिंजीर असे मधाचे याचक एकामागून एक हजेरी लावून जातात. चैत्रात कुसुंबाची तांबडी पालवी दुरून फुलांचाच भास करून देते, अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या होतात आणि करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी घमघमतात. महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला ताम्हणही महाराष्ट्र दिनाच्या सुमारास बहरात असतो. आपल्यापैकी कितीजणांनी तो रानात पाहिला आहे? ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण प्रत्येक मूल शाळेत शिकते. फुले गळू लागल्यावर फुटणारी ती त्रिदळे स्वतः मोजून पाहण्याचे भाग्य मात्र थोड्यांच्या वाट्याला येते.

यासाठी दोर, सुळके वा विशेष साहस यांची आवश्यकता नाही. मळवली स्थानकावरून भाजे गावातून लोहगडाकडे जाणारी वाट सरळ आहे आणि गडावर तर पायऱ्याच आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ओलांडीत माथ्यावर पोहोचावे, विंचूकाट्यावरून पवनेचे पाणी न्याहाळावे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या १२ मराठा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत लोहगड आहे. आजी-आजोबांसाठी मोटारमुक्त माथेरानच्या सावलीतील तांबड्या मातीच्या वाटा उत्तम. पनवेलजवळचे कर्नाळा अभयारण्य १९६८ पासून पक्ष्यांसाठी राखलेले आहे. तेथे किल्ला चढण्याचा आग्रह नसला तरी सकाळची रानवाट पुरेशी आहे. ज्यांचे पाय चालते आहेत, त्यांनी लोणावळ्याहून राजमाचीची सुमारे १५ किलोमीटरची, बहुतांशी सपाट वाट धरावी आणि उधेवाडीत मुक्काम करावा. गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’ या कादंबरीची भूमी तीच.

उन्हाचे भय अनाठायी नाही. परंतु त्याला शिस्त हे उत्तर आहे. सूर्योदयाबरोबर चालू लागावे, दहाच्या आत सावली गाठावी. गडांवरील टाकी या दिवसांत बहुधा आटलेली असतात. म्हणून माणशी दोन-तीन लिटर पाणी सोबत असावे. कडेकपारींत आग्यामोहोळे असतात. तेथे अत्तर, धूर आणि आरडाओरडा कटाक्षाने टाळावा.

या दिवसांत डोंगरात जाण्याचे आणखी एक गंभीर कारण आहे. सह्याद्रीला वणवे लागतात तेही याच महिन्यांत आणि त्यांतील बहुतेक मानवनिर्मित असतात. जाळले की गवत जोमाने येते हा रूढ समज, कुठे फेकून दिलेली विडी, कुठे हौसेची शेकोटी. निमित्त कोणतेही असो, एका रात्रीत डोंगर काळा होतो. वर्षानुवर्षे तग धरलेली रोपे जळतात, जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवी-रातव्यांची वीण नष्ट होते आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते. राखीव वनात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. पण ज्या डोंगराकडे आठ महिने कोणी फिरकत नाही, तेथे कायद्याला डोळे कोठून मिळणार? वसंतात रानवाटांवर जाणती कुटुंबे चालू लागली, तर धूर दिसताच गावात आणि वनरक्षकाला वर्दी देणारे डोळेही वाढतील. अर्थात आपल्या खिशात काडेपेटी नसावी आणि आपण नेलेला प्रत्येक कागद आपल्याबरोबर परत यावा, ही त्याची पहिली अट.

भूमीविषयीचे प्रेम भाषणांतून शिकवता येत नाही. ते पायांतून चढते. ज्या मुलाने फुललेला पांगारा पाहिला आहे, त्याला जळालेल्या उताराचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. पाडव्याला गुढीसाठी आपण कडुनिंबाची डहाळी बाजारातून आणतो. त्यापाठोपाठच्या रविवारी मुलांना घेऊन एखादी सोपी वाट चालावी आणि नववर्षाचे स्वागत रानाने कसे केले आहे, हे त्यांना प्रत्यक्ष दाखवावे.