गाडी खटखट करतीय? ई२० पेट्रोलला दोष देण्याआधी डिपस्टिक ओढून बघा

परभणी : चौकात, चहाच्या टपरीवर, गॅरेजात सध्या एकच विषय. गाडीनं आवाज धरला, ॲव्हरेज पडलं, इंजिन नॉकिंग करायला लागलं, म्हणजे दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलचा. त्यात आपला परभणी जिल्हा पेट्रोलच्या बाबतीत आधीच दुखावलेला. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून सुमारे तीनशे किलोमीटर टँकर यायचा म्हणून २०१८ मध्ये देशातलं सगळ्यात महाग पेट्रोल कुठं, तर परभणीत, अशा बातम्या आल्या. एवढे पैसे मोजून वर गाडी खराब होत असेल तर माणूस चिडणारच. पण ही तक्रार अर्धी खरी आहे आणि अर्धी चुकीची. चुकीच्या अर्ध्यापायीच लोकांची इंजिनं बसतात.

आधी नॉकिंग म्हणजे काय ते बघू. पेट्रोल प्लगच्या ठिणगीनं ठरल्या वेळी पेटायला पाहिजे. दाब आणि उष्णतेनं त्याचा काही भाग आपोआप भडकला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. हे रोखायची पेट्रोलची ताकद ऑक्टेनमध्ये मोजतात. आधीच्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ९१, ई२० चं ९५. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं दिलेल्या आकड्यांत इथेनॉलचं ऑक्टेन १०८.५ आणि नुसत्या पेट्रोलचं ८४.४ आहे. म्हणजे इथेनॉलनं नॉकिंग वाढत नाही, उलट कमी होतं. आणि जीप, बोलेरोसारखी गाडी डिझेलवर असेल तर ई२० चा संबंधच नाही, डिझेलमध्ये हे इथेनॉल टाकत नाहीत.

मग तक्रारीत खरं काय? मायलेज. ई१० साठी बनवलेल्या आणि ई२० साठी सेट केलेल्या चारचाकीत १ ते २ टक्के, बाकी गाड्यांत ३ ते ६ टक्के घट होते, हे मंत्रालयानंच मान्य केलंय. लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी सव्वा किलोमीटरपर्यंत कमी पळेल. जुन्या गाड्यांचे काही रबरी पार्ट आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हेही सरकारच्याच निवेदनात आहे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या ई२० साठीच तयार होतात. पण आपल्या तालुक्यांत रस्त्यावर दिसतात त्या बहुतेक सेकंडहँड, दहा-बारा वर्षं जुन्या. त्या मालकाला पंपावर दुसरं पेट्रोल निवडायची सोय नाही. इथेनॉल नसलेलं पेट्रोलही मिळावं, ही याचिका सुप्रीम कोर्टानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. ऊस आणि मका पिकवणाऱ्याला इथेनॉलचा आधार हवा, हे मान्य. पण त्याचा भुर्दंड जुन्या गाडीवाल्यानं एकट्यानं का सोसायचा, याचं उत्तर कोणी दिलेलं नाही.

इथेनॉलमुळं खटखट होऊ शकते अशी एक वाट मात्र आहे. इथेनॉल पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर अंगणात उभी, टाकी अर्धी, झाकणाचं रबर फाटलेलं, असं असलं की पाणी आणि इथेनॉल तळाला बसतं. वर राहतं ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल. लग्नकार्यापुरतीच गाडी काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता घरच्या घरी तपास. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घालून बघा. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर पेट्रोलची चर्चा तिथंच थांबवा आणि आधी ऑइल भरा. गावाकडं सर्व्हिसिंग लांबतं, ऑइल जळत जातं, कुणी बघत नाही. ऑइलचा लाल दिवा चालू गाडीत लागला तर "गॅरेजपर्यंत जाऊ" म्हणू नका, जागेवर बंद करा. पाचशे रुपयांच्या ऑइलपायी अख्खं इंजिनकाम निघतं.

मग आवाज ओळखा. वरून बारीक टिकटिक, सकाळी जास्त आणि गरम झाल्यावर कमी, तर बहुतेक टॅपेट. खालून जड ठकठक, रेस दिली की वाढणारी, तर बेरिंगची शंका, गाडी टो करूनच न्या. चढावर मोठ्या गिअरमध्ये खडखड आणि गिअर उतरवला की बंद, हे खरं नॉकिंग. त्याला कारणं बरीच : आत साचलेला कार्बन, चुकीचा प्लग, भेसळीचं पेट्रोल किंवा तापलेलं इंजिन. आपल्याकडं एप्रिल-मेचं ऊन आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी! त्या पाण्याचा क्षार जमतो, इंजिन तापतं, नॉकिंग सुरू होतं. कूलंटच टाका आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

आवाज फक्त खड्ड्यात येत असेल तर तो इंजिनाचा नाही, सस्पेन्शनचा. स्टिअरिंग वळवल्यावर टकटक येत असेल तर एक्सलचा जॉइंट बघायला सांगा. क्लच दाबल्यावर आवाज बदलत असेल तर मेस्त्रीला तेही सांगा. फोनवर आवाज रेकॉर्ड करून नेला तर अजून बरं, कारण गॅरेजात पोचल्यावर गाडी हमखास गप्प बसते.

पेट्रोलचीच शंका असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागा. थेंब उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीची शंका घ्यायला जागा आहे. पाच लिटरचं मापही मागता येतं. हा ग्राहकाचा हक्क आहे. बिल घ्या, तारीख-वेळ जपून ठेवा. बिलाशिवाय केलेल्या तक्रारीला पंपावर कोणी विचारत नाही.