एकच गज सगळ्यांना?

संगणकवाल्यांचा एक खेळ आहे. ठरलेलं काम करणारी आज्ञावली जो सर्वांत कमी बाइटमध्ये लिहील, तो जिंकला. पण एखादी संगणकभाषा मुळातच जागा वाचवायला घडवलेली, तर दुसरी ऐसपैस. म्हणून जाणते खेळाडू पायथनची तुलना पायथनशीच करतात. खेळातसुद्धा एवढा न्याय पाळला जातो!

आता माणसांच्या भाषांकडे या. 'पॉवर' हा शब्द रोमनमध्ये लिहा: पाच कळा, पाच बाइट. आपली 'सत्ता' दिसायला दोनच अक्षरांची, पण इनस्क्रिप्टवर पाच कळा आणि यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट! एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरं १६० मावतात, देवनागरी चिन्हं फक्त ७०, तीही काना, वेलांटी वेगवेगळी मोजून. दोष भाषेचा नव्हे, मापाचा.

सरकारला हे कळत नाही असं मुळीच नाही. मी कारकून, टंकलेखनाच्या अटी मला पाठ आहेत. महाराष्ट्रात मिनिटाला इंग्रजी ४० शब्द, मराठी ३०. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या कारकुनी परीक्षेत इंग्रजी ३५, हिंदी ३०. म्हणजे भाषेप्रमाणे माप बदलावं, हे तत्त्व मान्यच आहे. मग निपाणीच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलाचं काय? आयोगाने २०२३ साली ही लेखी परीक्षा मराठीतून आणि कोकणीतूनही देण्याची सोय जाहीर केली. टंकलेखनाला मात्र पर्याय दोनच: इंग्रजी, नाहीतर हिंदी. बुद्धी मराठीत तपासायची आणि बोटं हिंदीत?

"लिपी तर एकच ना?" असं कुणी म्हणेल. अहो, बोटांना सवय लिपीची नसते, शब्दांची असते. हिंदीवाल्याला मराठी उतारा देऊन बघा, 'ळ' शोधतानाच घड्याळ पुढे जाईल.

कर्नाटकाच्या नोकरीसाठी कन्नड यायलाच हवं, त्यावर माझी तक्रार नाही. तिथल्या लोकांची कामं करायची आहेत. महाराष्ट्रही सीमाभागातल्या ८६५ गावांच्या उमेदवारांना आपल्या भरतीत घेतो. पण केंद्र कुण्या एका राज्याचं नाही. बेळगावचा वाद न्यायालयात २००४ पासून पडून आहे. टंकलेखनाला एक भाषा वाढवायला न्यायालय लागत नाही.

आणि गोंयकारांनो, आपणही फार हसू नये. आपल्याकडच्या भरतीच्या जाहिरातींत मराठी 'इष्ट' असते. इष्ट म्हणजे काय? असली तर बरी, नसली तरी चालेल. मोजमापाच्या बाहेरच ठेवलेली भाषा स्पर्धेत हरत नाही, तिला स्पर्धेत घेतलेलंच नसतं.