दोन तासांचे तिकीट

परीक्षेच्या हॉलमध्ये ‘वेळ संपली’ म्हणून ओरडण्यात माझी वीस वर्षे गेली. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची पाळी माझ्यावर रोममध्ये आली. तिथल्या बोर्गेसे संग्रहालयात तिकिटावर दोनच तास मिळतात. मी माहितीपुस्तक उघडून अभ्यासाला लागलो : बरोक शैली, सतरावे शतक, शिल्पकार बेर्निनी... आमच्या सौभाग्यवती पुस्तकाविनाच पुढे गेल्या होत्या.

“अहो, हिच्या गालावर अश्रू आहे!”

पाताळाचा राजा प्लूटो प्रोसर्पिनाला पळवून नेतो आहे, ते १६२१–२२ मधले शिल्प. मी पुस्तकातून मान वर केली. खरोखरच संगमरवराचा अश्रू! आणि प्लूटोची बोटे तिच्या मांडीत अशी रुतलेली, की आता दगडावर वळ उठावेत. त्या वेळी बेर्निनी तेविशीच्या घरात होता. त्या वयात मी एम. ए.साठी गाइडे पाठ करीत होतो! असो.

पुढच्या एका दालनात काराव्हाज्जोचे मोठे चित्र होते. सेंट पीटर्समधल्या वेदीसाठी १६०५–०६ मध्ये काढलेले. पण तिथे ते थोडेच दिवस टिकले. मग ते कार्डिनल शिपिओने बोर्गेसेने घेतले. मेरीने सापाच्या डोक्यावर पाय दिला आहे, आणि तिच्या पावलावर बाळ येशूचे पाऊल. उजेड सारा त्या मायलेकरांवर. बाजूला, अंधाराला टेकून, बाळाची आजी संत अॅना. हात पुढे जुळवलेले; उजेड तिच्या वाट्याला आला तो सुरकुत्यांपुरता.

“पाहुणे आले की सासूबाई अशाच उभ्या राहतात, नाही? स्वयंपाकघराच्या दारात.”

“आईला तसंच आवडतं,” मी म्हटले.

“तुम्ही विचारलंत कधी?”

मी घाईघाईने पुस्तकात अॅनाचे पान शोधू लागलो. तेवढ्यात वेळ संपली.

बाहेर बागेतल्या बाकावरून घरी फोन लावला. “जेवलास का रे?” आईने विचारले, आणि उत्तर ऐकताच ती फोन नातवाकडे द्यायला निघाली.

“थांब. तुझ्याशीच बोलायचंय.”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.